मांडवीच्या बांधांवरून

पणजीतला मळा ओलांडून, पाटोवरच्या बँका आणि कचेऱ्या मागे टाकून पूर्वेकडे चालायला लागले की रायबंदरचा सरळ रस्ता लागतो. डाव्या हाताला मांडवी, उजव्या हाताला मिठागरे आणि त्यांच्या मागे मेरशी-सांताक्रुझच्या दिशेने पसरलेली सखल जमीन. गाडीने जाणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, पण हा रस्ता म्हणजे खरे तर पाणथळीवर बांधलेला पूल आहे. लिन्यारिशचा काउंट मिगेल द नोरोन्या हा व्हाइसरॉय असताना, 1633-34 मध्ये तो बांधला गेला. लांबी सुमारे तीन किलोमीटर, बांधकाम जांभ्या दगडाचे, आणि खाली जागोजागी कमानी. त्या कमानींतून भरती-ओहोटीचे पाणी अजून ये-जा करते. आज त्यावरून बसेस धावतात, आणि पहाटे सहाच्या सुमारास मासळीच्या टोपल्या घेऊन पणजीकडे निघालेल्या स्कूटर.

मी हा रस्ता मुद्दाम पायी धरला होता. पौषाचे दिवस, हवेत गारवा, ओहोटी नुकतीच लागलेली. गोव्याची खाजणे, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली सखल शेते, पाहायची तर ती पायीच पाहावीत, असे मला रायगडच्या खारेपाटात फिरताना पटले होते. पेण-अलिबागच्या बाजूला उधाणाने बांध फुटून खारी झालेली शेते मी पाहिली आहेत, आणि त्या शेतांच्या मालकांचे बोलणेही ऐकले आहे. गोव्यात हीच जमीन अजून कसली जाते, तिचे बांध अजून उभे आहेत, असे वाचत आले होते. ते किती खरे, हे पाहायचे होते.

रस्त्याच्या कठड्यापाशी उभे राहिले तर खाली चिखल उघडा पडू लागला होता. तिवरांची श्वसनमुळे चिखलातून बोट-बोट वर आलेली, आणि त्यांच्यामधून निवट्या सरपटत होत्या. निवटी हा मासा पाण्याबाहेरही राहू शकतो. पुढच्या परांवर अंग टेकत तो चिखलात वाट काढतो, मध्येच थांबतो, पाठीवरचा पर ताठ उभारतो आणि दुसरी निवटी जवळ आली की तिच्यावर धावून जातो. डोळे डोक्याच्या पार वर, जवळजवळ एकमेकांना चिकटलेले. हे डोळे तो अधूनमधून खाली खेचून घेतो आणि ओले करून पुन्हा बाहेर काढतो. एका निवटीकडे मी बराच वेळ पाहत राहिले. तिने तोंडाने बिळातला चिखल बाहेर काढला, गोळी करून काठावर टाकली, पुन्हा आत गेली. असे तिचे काम न कंटाळता चालू होते. दूर पाण्याच्या कडेला शेकाट्यांचा थवा लांब तांबड्या पायांवर उभा होता आणि एक तुतारी शेपूट हलवत चिखल टोचत होती.

उजवीकडच्या मिठागरांत माणसे उतरली होती. या रस्त्यालगतची बरीचशी मिठागरे आता ओस पडली आहेत. काहींत तिवरे उगवली आहेत, काहींत नुसते पाणी साचते. जी चालू आहेत तिथे या दिवसांत तळ तयार करण्याचे काम असते. पावसाळ्यात आत शिरलेला गाळ काढायचा, चिखल पायांनी तुडवायचा, लाकडी फळीने चोपून सपाट करायचा, वाळू द्यायचा, पुन्हा चोपायचा. तळ घोटून गुळगुळीत झाला नाही तर मीठ मातकट निघते. मग भरतीचे पाणी आधी मोठ्या कप्प्यात घ्यायचे, तिथून उन्हात आटवत आटवत एकेक लहान कप्प्यात सोडायचे, आणि शेवटच्या उथळ कप्प्यात दाणा धरला की दांड्याच्या फळीने ओढून कडेला ढीग लावायचा. मे अखेरपर्यंत हे चालते. पहिल्या पावसात सगळे पुन्हा पाण्याखाली.

तळ चोपणाऱ्या बाईंना मी विचारले, मुलगे येतात का कामाला. त्यांनी फळी न थांबवता मान हलवली. एक मुलगा जहाजावर आहे, दुसरा पणजीत हॉटेलात. त्या स्वतः मात्र लग्न होऊन आल्यापासून दर मोसमात इथे उतरतात. त्यांच्या पायांच्या टाचांना मिठाने पडलेल्या भेगा मी पाहिल्या. त्यांत तेल घालून त्या रोज रात्री फडके बांधतात. गोव्याच्या मिठाला एके काळी दूरदूरची गिऱ्हाइके होती. 1878 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला आणि गोव्यातल्या मिठाचा मक्ता इंग्रजांकडे गेला. त्यांना ब्रिटिश हिंदुस्थानातला मिठावरचा कर सांभाळायचा होता, त्यामुळे इथले उत्पादन आवळले गेले आणि अनेक आगरे बंद पडली. तह 1892 मध्ये संपला, पण विस्कटलेला धंदा पूर्वीसारखा सावरला नाही. त्यानंतर आयोडीनयुक्त मिठाचे कारखाने आले, जमिनीला सोन्याचा भाव आला. या बाईंच्या आगराशेजारचा कप्पा भराव घालून कोणीतरी सपाट केलेला होता, आणि त्यावर बांधकामाचा राडारोडा पडला होता.

रायबंदर हे नदीकाठी एका ओळीत बसलेले लांबट गाव आहे. रस्त्याला लागून जुनी घरे, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, पायऱ्यांवर तुळशी किंवा क्रूस, आणि घरांच्या फटींतून दिसणारी नदी. मी फार रेंगाळले नाही. चहा, पाव आणि पातळ भाजी खाऊन धक्क्यावर गेले. चोडणची साधी फेरीबोट पायी माणसाला तिकीट लावत नाही. शाळेची मुले, दूधवाले, सिलिंडरचा टेंपो, एक बैल, असे सगळे एकाच फळीवर उभे राहून पाच-सात मिनिटांत पलीकडे जातात.

चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. 1988 मध्ये जाहीर झालेले, क्षेत्र 1.78 चौरस किलोमीटर, जवळजवळ सगळे कांदळवन. धक्क्याजवळच त्याची वाट सुरू होते, आणि भरतीच्या वेळी होडीतूनही आत जाता येते. कांदळाच्या शेंगा झाडावरच रुजतात. हातभर लांब हिरवे कोंब फांदीला लोंबकळत असतात, खाली पडले की चिखलात उभे रुततात आणि तिथेच मूळ धरतात. उपटाची, चिप्पीची झाडेही होती. काळ्या डोक्याचा खंड्या दिसला. गळा पांढरा, पाठ गर्द निळी, चोच प्रवाळासारखी. तो फांदीवरून सरळ खाली कोसळला आणि खेकडा घेऊन वर आला. एक मीन घार नदीवर घिरट्या घालत होती. पक्षी पाहायला येणाऱ्यांनी हे बेट नक्कीच पाहावे. पण बहुतेक जण अभयारण्याच्या फाटकातून आत जातात आणि तिथूनच परततात. चोडणची खरी नवलाई फाटकाबाहेर, गावाच्या बांधांवर आहे.

बांध म्हणजे साधारण दोन माणसे शेजारी-शेजारी चालू शकतील एवढ्या रुंदीची मातीची भिंत. बाहेरच्या अंगाला नदी आणि तिवरांची रांग, आतल्या अंगाला शेते. भरतीच्या वेळी बांधावर उभे राहिले की जे दिसते ते पहिल्यांदा पाहणाऱ्याला चमकवते: नदीचे पाणी शेतापेक्षा वर असते. एका हाताला पाणी गुडघ्याशी आलेले आणि दुसऱ्या हाताला कमरेएवढ्या खोलीवर कापणी झालेल्या भाताची खुंटे, मधूनमधून चवळी, वांगी, मिरचीचे वाफे. मधल्या मातीचा एवढाच काय तो आधार. ही माती चिखल, पेंढा आणि तिवराच्या फांद्या एकावर एक दाबून उभी केलेली असते. पाण्याच्या मारातल्या जागी बाहेरून जांभ्याचे दगड रचलेले. गोव्यात अशी खाजण जमीन सुमारे 18 हजार हेक्टर असल्याचे सांगितले जाते. सहाव्या शतकाच्या आसपासच्या ताम्रपटांतही खाजणाचा उल्लेख सापडतो. म्हणजे कदंबांच्या आणि विजयनगरच्याही आधीपासून माणसे हे काम करत आली आहेत.

बांधावरून चालता चालता मानशीपाशी आले. खाजणाचे सगळे गणित या मानशीवर आहे. बांधाच्या पोटात जांभ्याच्या चिऱ्यांच्या दोन जाड भिंती, त्यांच्यामध्ये लाकडी चौकट, आणि चौकटीला नदीच्या बाजूने टेकलेली जाड फळ्यांची झडप. लाकूड मत्तीचे, म्हणजे आपल्या ऐनाचे, कारण ते खाऱ्या पाण्यात टिकते. ओहोटी लागली की आतले पाणी झडप ढकलून बाहेर पडते. भरती आली की बाहेरच्या पाण्याचाच दाब झडपेला चौकटीवर आवळून धरतो. यंत्र नाही, वीज नाही, राखणदाराने हात लावायचीही गरज नाही. मानशीच्या आतल्या बाजूला खोल डोह असतो, त्याला पोंय म्हणतात. शेतातले जादा पाणी आधी पोंयीत उतरते आणि मग ओहोटीची वाट पाहते.

मी पोचले तेव्हा ओहोटी संपत आली होती. पाणी बाहेर वाहत होते, पण त्याचा जोर कमी होत होता. मग एक क्षण असा आला की ते थबकले. वाळकी पाने, फेस, काटक्या जागच्या जागी गोल फिरू लागल्या. थोड्या वेळाने त्याच काटक्या आत सरकायला लागल्या आणि त्यांच्याबरोबर झडपही हलली. आधी सावकाश, मग एकदम. फळ्या चौकटीवर आदळल्याचा दमदार आवाज झाला आणि फटींतून पाण्याच्या बारीक चिळकांड्या आत उडाल्या. तिथे बसलेल्या वयस्कर शेतकऱ्याने पेंढा आणि चिकण मातीचा गोळा करून त्या फटींत अंगठ्याने भरायला सुरुवात केली. एकेक चिळकांडी बंद होत गेली.

“बाय, पुण्याहून का?” त्यांनी विचारले. कोकणी आणि मराठी मिसळून ते बोलत होते. मी मुंबईचे सांगितल्यावर म्हणाले, त्यांची बहीण लालबागला असते. मी त्यांना मामा म्हटले आणि शेजारी दगडावर बसले.

मानशीच्या तोंडाला ओहोटीच्या वेळी पिशवीसारखे जाळे लावतात. पोंयीत वाढलेली सुंगटे, शेवटे, काळुंद्रे, कधी मोठा चणक त्यात मिळतो. ही मासेमारी करण्याच्या हक्काचा लिलाव होतो. पूर्वी लिलावाचा पैसा गांवकरीकडे, म्हणजे गावच्या सामायिक संस्थेकडे, जमा व्हायचा आणि त्यातूनच बांधांची डागडुजी व्हायची. गोव्यातल्या गांवकऱ्या पोर्तुगीजांच्या आधीच्या आहेत. त्यांचे रीतिरिवाज आफोन्सो मेशियाने 1526 मध्ये लिहून काढले, ते आजही फोराल म्हणून ओळखले जातात. गावाची जमीन सामायिक, तिचा बांध सामायिक आणि त्याची जबाबदारीही सामायिक. कुठे भगदाड पडल्याची हाक आली की मध्यरात्री पेंढा आणि टोपल्या घेऊन धावायचे, हा गावाचा नियम होता.

आज लिलाव घेणारा बाहेरचा असतो. मामांनी सांगितले ते असे: झडप वर बांधून ठेवली आणि भरतीचे पाणी मोकळे आत सोडले, तर सुंगटांची पिल्ले भरपूर आत येतात आणि ठेकेदाराचे भले होते. पण ते पाणी पोंयीबाहेर चढून वाफ्यात गेले तर मीठ जमिनीत बसते, आणि ते धुऊन निघायला एक पावसाळा पुरत नाही. मासा आणि भात दोन्ही एकाच दारातून जगतात. दार कधी उघडायचे आणि कधी मिटायचे हे ठरवणारा जो असेल त्याच्या बाजूने जमीन झुकते. मामांच्या शेजारच्या तीन शेतकऱ्यांनी यंदा पेरलेच नाही.

1964 च्या कुळकायद्याने कुळांना आधार दिला, त्यांची हकालपट्टी थांबली. ही गोष्ट मोठी होती आणि ती व्हायलाच हवी होती. पण बांधांचा भार त्यानंतर गांवकरीकडून कुळांच्या संघांकडे आला. काही गावांत हे संघ कामाचे आहेत, काही गावांत नुसते कागदावर. महाराष्ट्रात 1979 च्या खारभूमी विकास कायद्यानंतर बांध सरकारने हाती घेतले, आणि खारेपाटात मला जे दिसले ते यापेक्षा फार वेगळे नव्हते. बांध फुटला की अर्ज, अर्जानंतर पाहणी, पाहणीनंतर निविदा. समुद्र मात्र दिवसातून दोनदा येतो, आणि अमावास्या-पौर्णिमेला जास्त जोराने येतो. खारभूमीच्या बांधाची राखण त्याच्या आतली शेती कसणाऱ्यांच्या हातात, त्यांच्या पैशासकट आणि अधिकारासकट असायला हवी, असे माझे ठाम मत इथे चालताना झाले.

मांडवीच्या बांधांना आणखी एक मार बसला, तो खनिजाच्या बार्जींचा. खाणी जोरात होत्या तेव्हा लोहखनिजाने भरलेल्या बार्जी रात्रंदिवस या नदीतून जात, आणि त्यांच्या लाटा बांधाच्या पायाची माती ओढून नेत. 2012 मध्ये खाणी थांबल्या, मध्ये पुन्हा सुरू झाल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद पडल्या. बांधाच्या बाहेरच्या अंगाला जिथे तिवरांची दाट रांग होती, तिथला बांध बराच शाबूत राहिलेला मला दिसला. जिथे ती रांग तुटली होती तिथे माती खचलेली होती, आणि वाळूच्या पोत्यांनी ती कशीबशी अडवलेली होती.

तिवरांचा हा उपकार पाहिला, आणि थोडे पुढे गेल्यावर त्याच तिवरांचे दुसरे रूपही पाहिले. एका जागी बांधाला जुने भगदाड होते. आत, जिथे एके काळी भात होते, तिथे पुरुषभर उंचीची तिवरे दाटली होती. खाली चिखलात खेकड्यांची हजारो बिळे, वर बगळ्यांची वस्ती. पक्षी पाहणाऱ्याला इथे आनंद व्हावा असे सगळे होते. मला वंचक दिसले, रात्रबगळे दिसले, आणि फांद्यांतून डोकावणारे एक मुंगूसही. पण हे शेत बुडाल्याची ती खूण होती. भगदाड दोन-तीन पावसाळे तसेच राहिले की भरतीबरोबर बिया आत येतात, रुजतात, आणि एकदा झाडे मोठी झाली की कायदा त्यांना संरक्षण देतो. तिवरे तोडण्यावर बंदी आहे आणि ती असलीच पाहिजे; बंदी नसती तर मुंबईपासून गोव्यापर्यंतचे किती खाडीकिनारे भराव घालून गिळले असते. तरी शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले की मन अडते. त्याने पिकवलेली जमीन, दुसऱ्याच्या हलगर्जीपणाने खारी झाली, आता तिला वनाचा दर्जा मिळाला, आणि पुन्हा भात लावायचा तर गुन्हा. 2011 च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजणांसाठी वेगळी तरतूद आहे: त्यांचे नकाशे करायचे, त्यांच्याकाठची तिवरे राखायची, त्यांच्यासाठी व्यवस्थापन आराखडा तयार करायचा, आणि खाजणात बांधकामे होऊ द्यायची नाहीत. तरतूद चांगली आहे. तिची खरी कसोटी भगदाडाच्या पहिल्या महिन्यात लागते. बांधाबाहेरची तिवरे हात न लावता वाढू द्यावीत. बांधाच्या आत नुकती रुजलेली रोपे काढून भगदाड बुजवण्याची मुभा शेतकऱ्याला त्याच मोसमात, कचेऱ्यांच्या फेऱ्या न मारता मिळावी. तिवर आणि भात यांचे भांडण लावून दिले की फायदा भराव घालणाऱ्याचा होतो. मिठागरातला तो सपाट केलेला कप्पा माझ्या डोळ्यांसमोर होता.

बांध सांभाळणे हे इथे देवकार्यही आहे. दुर्भाटला, झुआरीच्या बाजूला, पौष अमावास्येला खाजणाच्या काठी चिखलाची मगर करतात, तिच्या अंगावर शिंपल्यांचे खवले लावतात, आणि तिला पुजतात. या विधीला मांगेथापणी म्हणतात. या नद्यांत, विशेषतः कुंभारजुव्याच्या कालव्यात, मगरी आजही आहेत. बांधाशी रोज ज्याची गाठ पडते त्या प्राण्याला घाबरायचे आणि मानायचे, दोन्ही एकाच वेळी, हे मला फार समजूतदारपणाचे वाटले.

परत रायबंदरला येऊन जुने गोवे गाठले. तिथे माणसांची रीघ होती. मी सरळ व्हाइसरॉयच्या कमानीखालून नदीवर उतरले. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिश्कु द गामा याने ही कमान उभारली. एके काळी नवा व्हाइसरॉय याच धक्क्यावर उतरून शहरात शिरत असे. रोगराईने शहर रिकामे होत गेले आणि 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. आता कमानीखालून दिवाडीची फेरीबोट पकडायला भाजीवाल्या जातात.

दिवाडीच्या धक्क्यापासून गावापर्यंतचा रस्ता खाजणातून सरळ जातो, आणि चालायला इतका सुरेख रस्ता मी कोकणात क्वचित पाहिला आहे. दोन्ही बाजूंना पाणी, तिवरे, मग शेते, आणि समोर टेकडीवर पियेदादचे पांढरे चर्च. गावे सगळी टेकडीच्या अंगाला, सखल जमीन शेतीला. चांगली सखल जमीन घर बांधून वाया घालवायची नाही, हा शहाणपणा इथल्या जुन्या वस्त्यांत सगळीकडे दिसतो. चर्च 18 व्या शतकाच्या सुरुवातीला आंतोनियो जुआंव द फ्रियास या गोमंतकीय धर्मगुरूच्या देखरेखीखाली नव्याने बांधले गेले. शेजारच्या दफनभूमीतल्या लहानशा चॅपेलच्या छतात जुन्या मंदिराचा कोरीव दगड आहे, कदंबांच्या काळातला. मान वर करून मी तो बराच वेळ पाहिला: पाकळीत पाकळी गुंफलेले कमळ, कडा अजून धारदार.

टेकडीवरून सगळे बेट एका नजरेत येते. नदीपलीकडे जुन्या गोव्याचे मनोरे, इकडे हिरव्या-पिवळ्या शेतांचे तुकडे, आणि बेटाला छेदून गेलेला कोकण रेल्वेचा भराव. 1990 च्या दशकाच्या आरंभी रेल्वेचा मार्ग ठरत होता तेव्हा गोव्यात मोठे आंदोलन झाले होते. खाजणांतून भराव गेला तर पाण्याच्या वाटा अडतील, ही त्यातली मुख्य भीती होती. गाडी मी उभी असतानाच गेली. मुंबईहून मडगावला जाणारे किती जण खिडकीतून ही शेते पाहतात आणि ती समुद्रसपाटीच्या बरोबरीला आहेत हे त्यांना ठाऊक असते, हा विचार मनात आला.

दुपारी एका घरगुती खानावळीत जेवले. कोरगुटाचा उकडा भात, सुंगटांचे हुमण, आणि वर सुक्या बांगड्याची किसमूर. कोरगुट ही खाऱ्या जमिनीत टिकणारी भाताची जुनी जात आहे. दाणा जाडसर, तांबूस, चवीला भरीव. पेजेला त्याच्यासारखा तांदूळ नाही, असे वाढणाऱ्या बाईंनी सांगितले. मेअखेर किंवा जूनमध्ये पहिल्या सरींनी जमिनीतले मीठ धुतले जाते, ते पाणी ओहोटीला मानशीतून बाहेर सोडतात, मग मोड आणलेले बी चिखलात फोकतात. उत्पन्न नव्या जातींपेक्षा कमी. पण उधाणाचे पाणी एखाद दुसऱ्या वेळी शेतात शिरले तरी कोरगुट तग धरते, नव्या जाती मरतात. त्यांच्या घरात माळ्यावर बियाण्याची कणगी होती. झाकण काढून त्यांनी मला मूठभर दाणे दाखवले. कुसळे लांब, वास थोडा मातीचा. बी विकत घ्यायला कुठे जाता, असे विचारले तर त्यांना प्रश्नच कळला नाही. सासूने ठेवले, त्यांनी ठेवले, सुनेला ठेवायला शिकवले आहे.

ऑगस्टातल्या चौथ्या शनिवारी इथे बोंदेरां भरतो. दोन वाड्यांमधल्या जमिनीच्या हद्दीवरून तंटे होत, तेव्हा पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी हद्दीवर निशाणे रोवली आणि लोकांनी ती पाडून टाकली, असे त्याचे मूळ सांगतात. पोरे बांबूच्या नळीत रानफळे घालून आजही झेंड्यांवर नेम धरतात.

बेटाच्या उत्तरेला नार्वे. पलीकडच्या काठावरही नार्वेच, डिचोली तालुक्यातले. या दोन नार्व्यांमधून नदी वाहते आणि एक लहान फेरीबोट जाते. कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर याचे मूळ देऊळ दिवाडीवर होते. 16 व्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडले आणि लिंग नदीपार हिंदळ्याच्या रानात नेले गेले. शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये त्याच जागी मंदिर बांधण्याची आज्ञा केली. दारावरच्या शिलालेखात शके 1590 चा उल्लेख आहे. 2023 च्या फेब्रुवारीत जीर्णोद्धारानंतर ते पुन्हा खुले झाले. देऊळ बसके, कौलारू उताराचे, पुढे दीपमाळ, मागे डोंगर, आणि आवारात गर्द सावली. शिखरांची हौस नाही, दगडी गाभारा थंडगार. पुजाऱ्यांनी सांगितले की गोकुळाष्टमीला नदीवर स्नानाची जत्रा भरते, तेव्हा लोक दिवाडीकडे तोंड करून पाण्यात उतरतात. महाराजांच्या त्या आज्ञेनंतर पंधरा वर्षांनी, 1683 च्या नोव्हेंबरात, संभाजीराजांच्या फौजेने थोडे वर असलेल्या जुवे बेटावरचा किल्ला घेतला तेव्हाही लढाई याच चिखलात आणि याच भरती-ओहोटीत झाली. नकाशावर हे अंतर बोटभर आहे. बांधावरून चाललेल्या माणसाला त्या लढाईतल्या घोड्यांची आणि पायदळाची काय दशा झाली असेल याची कल्पना येते.

ज्यांना ही वाट पायी करायची असेल त्यांनी मार्गशीर्ष ते माघ हे महिने धरावेत. पावसाळ्यात बांध निसरडे असतात आणि शेते कामात गुंतलेली. पणजी ते रायबंदर पूल, तिथून चोडण, मग जुन्या गोव्यातून दिवाडी, आणि नार्व्याच्या फेरीने डिचोली तालुका, असा क्रम ठेवला तर चोडणहून रायबंदरला परतण्यापलीकडे कुठेही उलटे फिरावे लागत नाही. निघायच्या आदल्या दिवशी भरतीची वेळ पाहून ठेवावी. बांधावर टोकदार काठी रोवू नये, कडेची माती पायाने ढासळवू नये, आणि मानशीच्या चौकटीवर उभे राहून फोटो काढू नयेत. ती चौकट हलली तर आतली शेते धोक्यात येतात. कुणी बांधावर पेंढा भरत असेल तर थांबून विचारावे, टोपली उचलायला हात लावू का. चोडणची मानस पाहायची तर ओहोटी संपायच्या अर्धा तास आधी तिथे पोचावे आणि झडप मिटेपर्यंत बसावे.